बारा नावांचा कागद

ग्रिंटरबाईंनी मला भर रस्त्यात अडवलं तेव्हा मी मासळीवाल्याकडून परतत होते आणि माझ्या टोपलीत माझ्या नवऱ्याला, अँब्रोजना, न्याहारीला लागणारी धुरावलेली हेरिंग होती. लंडनमधल्या केंटिश टाउनच्या आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर या बाईंचं दुकान आहे. दिव्याचं तेल, मेणबत्त्या, खिळे, चुलीला लावायची काळी पूड असलं सगळं तिथं मिळतं. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून दुकानाच्या वेळात त्यांना फळीच्या अलीकडं आलेलं कुणी पाहिलेलं नाही. आज त्या एप्रनसकट रस्त्यावर उभ्या होत्या. हातात एक पातळसं चोपडं होतं आणि त्याच्या कव्हरावर तेलकट अंगठा उमटला होता. "बाई, यात माझं नाव कुठंय?" त्यांनी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही. मला क्षणभर कळेचना. मग चोपड्यावरचं नाव वाचलं आणि उमगलं. बायकांनाही मत द्या म्हणून उन्हाळ्यात पार्लमेंटला जो अर्ज गेला, त्यावर सह्या करणाऱ्या हजारावर बायकांची ती छापील यादी होती. ती छापून आली आहे हेच मला ठाऊक नव्हतं. यादी छापायचं बहुधा राहूनच गेलं, असं अँब्रोज म्हणाले होते. "छापखान्यात गळलं असेल," मी म्हटलं, "होतात अशा चुका." किती पटकन म्हटलं मी! जीभ जणू तयारच बसली होती. ग्रिंटरबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू कुणी खोटं नाणं फळीवर टाकलं होतं. "एक नाव गळेल. बारा गळतील? दोन दिवस गिऱ्हाईक नसलं की हेच वाचत बसले होते. पहिल्या नावापासून शेवटच्यापर्यंत. ऑलचिन मास्तरीणबाई नाही, ती परटीण नाही, खानावळवाल्या दोघी बहिणी नाहीत. आणि बाई, तुम्ही तरी कुठं आहात?"

मी चौकशी करते असं काहीतरी पुटपुटले आणि घराकडं वळले. घर दोनशे पावलांवर होतं, पण मी वळसा घालून लांबच्या वाटेनं गेले, कारण मनात एक शंका आली होती आणि तिच्याकडं मला बघायचं नव्हतं. त्या बारा सह्या मी कशा गोळा केल्या ते मलाच ठाऊक. आमच्या वर्तुळातल्या बायकांच्या सह्या मिळवणं सोपं होतं, चहाच्या दोन पेल्यांत काम व्हायचं. पण मला त्या नको होत्या. दुसऱ्याची कापडं धुणारी, शाळेत पोरं सांभाळणारी, स्वतःच्या नावावर कर भरणारी बाई मला हवी होती. महिनाभर मी दारोदार फिरले. परटिणीचे हात सोड्यानं सोलवटलेले होते. तिनं टाक असा दाबून धरला की त्याचं टोक कागदातून आरपार जातं की काय वाटलं, आणि सही झाल्यावर ती कितीतरी वेळ वाळायची वाट बघत तिच्यावर फुंकर घालत राहिली. मिस ऑलचिन पहिल्या खेपेला नाही म्हणाल्या. शाळेच्या कमिटीत पाद्रीबुवा होते, त्यांना कळलं तर नोकरी जाईल म्हणाल्या. चार दिवसांनी स्वतःच आमच्या दाराशी आल्या, आत आल्या नाहीत, उभ्या उभ्याच सही केली आणि हातमोजा चढवत निघून गेल्या. आणि ग्रिंटरबाई! त्यांनी आधी अर्ज पूर्ण वाचला, मग पुन्हा वाचला. "कर घ्यायला माणूस येतो तेव्हा विचारतो, घरातला कर्ता कोण? मी म्हणते, मीच. तो लिहून घेतो. पैसे घेताना मी कर्ता चालते त्याला," असं म्हणून त्यांनी सही केली. सर्वांत खाली, उरलेल्या जागेत, मी माझं नाव लिहिलं. सेलिना विंटल. लिहिताना मला हसू आलं होतं, कारण अर्ज मान्य झाला असता तरी मला त्याचा काही उपयोग नव्हता. मत मिळालं तर ग्रिंटरबाईंना मिळालं असतं, घरपट्टी भरणाऱ्या विधवेला. मी नवऱ्याची बायको. माझ्या पायातले मोजेसुद्धा कायद्यानं अँब्रोजचे आहेत.

अँब्रोजना मी पहिल्यांदा पाहिलं ते एका व्यायामशाळेच्या दालनात, व्याख्यान देताना. मी बावीस वर्षांची होते. जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त सुख ज्यानं होईल तेच बरोबर, बाकी सगळ्या रूढी आणि पोथ्या या कसोटीवर घासून पाहा, असं ते सांगत होते. राजाचं दुःख आणि रस्ता झाडणाऱ्याचं दुःख तराजूत सारखंच, म्हणाले. मग थांबून पाणी प्यायले आणि म्हणाले, पुरुषाचं आणि बाईचंही. दालनात दोन-चार जण हसले. अँब्रोज हसले नाहीत, त्या हसणाऱ्यांकडं ते बघत राहिले. मला तेव्हा रडू फुटलं होतं हे मी आजही लपवणार नाही. माझ्या आईनं सात बाळंतपणं काढली आणि तिचं दुःख कशात मोजायचं असतं हेच घरात कुणाला माहीत नव्हतं. आणि इथं एक माणूस तराजू घेऊन उभा होता आणि म्हणत होता, घाला तेही यात. व्याख्यानानंतर ओळख झाली. त्यांनी मला एक प्रश्न विचारला आणि उत्तर येईपर्यंत थांबले. मला वाटलं, सुख म्हणजे हेच असणार, कुणीतरी आपल्याला विचारावं आणि उत्तराची वाट बघावी. वीस वर्षं झाली त्याला. माझा राग त्या सिद्धांतावर नाही, हे मला नीट सांगायचं आहे. सिद्धांत मला तेव्हा पटला आणि आजही पटतो. म्हणूनच तर अंगाचा तिळपापड होतो.

कारण घरात तो तराजू रोज बाहेर निघायचा. मला ग्रीक शिकायचं होतं. अँब्रोजनी समोर बसवून समजावलं, अगदी प्रेमानं. माझ्या शिकण्याचं सुख एकीला, मला. पण त्या वेळात मी त्यांच्या लेखांच्या स्वच्छ प्रती काढल्या तर ते लेख शेकडो लोक वाचतात, म्हणजे सुख शेकडोंना. त्यांचं अक्षर इतकं वाईट की छापखानेवाले माझ्याच हातचं मागतात. मला पटलं, मी प्रती काढल्या. बहिणीकडं महिनाभर राहायला जायचं होतं, तेव्हाही तोच तराजू. खोलीत माझं टेबल खिडकीशी असावं की त्यांचं, तेव्हाही तोच. एका पारड्यात मी, दुसऱ्यात ते आणि त्यांच्या मागं उभी असलेली सगळी मानवजात. वीस वर्षांत एकदाही माझं पारडं खाली गेलं नाही. गंमत म्हणजे ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. आदळआपट करणाऱ्या नवऱ्याशी भांडता येतं. जो शांतपणे तुमचंच भलं सिद्ध करून दाखवतो त्याच्याशी कसं भांडायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि बाहेर हेच अँब्रोज माझ्या खांद्यावर हात ठेवून चारचौघांत सांगायचे, माझी बायको बुद्धीनं माझ्या बरोबरीची आहे. मी मान खाली घालून हसायची. त्या हसण्याची आज मला शिसारी येते.

घरी पोचले तेव्हा ते अभ्यासिकेत होते. येत्या निवडणुकीत आमच्या भागातून उभं राहायचं त्यांचं जवळपास ठरलं होतं, सकाळपासून पत्रांवर पत्रं चालली होती. मी टोपली दाराशीच ठेवली. "यादी छापली गेलीय," मी म्हटलं, "आमची बारा नावं त्यात नाहीत."

त्यांनी टाक खाली ठेवला. ते दचकले असते तर बरं वाटलं असतं. "बस, सेलिना."

"मी उभीच बरी आहे."

"तो कागद मी पाठवला नाही," ते म्हणाले. अँब्रोज खोटं बोलत नाहीत. यादीबद्दलचं ते 'बहुधा' सोडलं तर मला त्यांचं एकही खोटं आठवत नाही. त्यांनी खण उघडला, तळातून एक लिफाफा काढला आणि माझ्यासमोर धरला. "नष्ट केलेला नाही, हे बघ. जपून ठेवलाय."

लिफाफ्यावर माझंच अक्षर होतं. पत्ता मी लिहिला होता, लाख मी लावली होती, आणि ती अजून फुटलेली नव्हती.

"का?"

"निवडणुकीच्या कमिटीतले लोक तुला माहीत आहेत. दोन दारूवाले, एक कोळशाचा व्यापारी, आणि तो दंतवैद्य. उमेदवाराच्या बायकोचं नाव, आणि वर या भागातल्या परटिणी न् दुकानदारणी, असं छापून आलं असतं तर त्याच दिवशी त्यांनी मला सोडलं असतं. विंटलच्या घरात बायकोचं राज्य आहे म्हणाले असते. मी निवडून आलो नाही तर त्या सभागृहात तुमच्या बाजूनं बोलणारा एक माणूस कमी. हजार सह्यांत बारा कमी झाल्यानं अर्जाचं काय बिघडलं? काही नाही. आणि मी आत गेलो तर काय काय होऊ शकतं! बायकोची कमाई तिच्या नावावर राहण्याचा कायदा, मुलींच्या शाळा, पुढं मतसुद्धा. तूच मांड. तुझी बुद्धी माझ्यापेक्षा कमी नाही."

"मला विचारलं का नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता वाटत नाहीये?"

"आता कमी वाटायला हवं," ते अगदी मनापासून म्हणाले, "आता कारण कळलंय ना."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला ओरडायचं होतं, आणि तेवढ्यात, सगळ्यांत संतापाची गोष्ट ही की, माझं मन त्यांचा हिशेब तपासायला लागलं. वीस वर्षांची सवय. हिशेब बरोबर दिसत होता! विचारलं असतं तर कदाचित मीच माझं नाव खोडलं असतं. माझ्या हातानं, हसत हसत, एका चांगल्या कामासाठी. तेवढंही त्यांनी मला करू दिलं नाही. आणि बाकीच्या अकरा? ती नावं माझीही नव्हती. परटिणीनं फुंकर घालून वाळवलेली सही यांच्या खणात चार महिने पडून होती, आणि वर बसून हा माणूस बायकांच्या हक्कावर निबंध लिहीत होता, ज्याची स्वच्छ प्रत मी काढत होते. त्याच टेबलावर. तो खण माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

"हे बघ," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आता थोडी काळजी आली, "कुणी विचारलं तर निवडणूक होईपर्यंत छापखान्याची चूक म्हणून सांग. फार नाही, सहा-सात महिने. तुझ्या एका वाक्यावर बरंच अवलंबून आहे."

मी म्हटलं, "ते वाक्य मी मघाशीच बोलून आले," आणि त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव उमटला. तो भाव मी कधीही विसरणार नाही. त्यांनी माझा हात थोपटला. म्हणाले, मला माहीत होतं. मी लिफाफा त्यांच्या हातातून घेतला. त्यांना वाटलं मी परत खणात ठेवायला घेतेय. मी तो काखेत मारला आणि दारात ठेवलेल्या मासळीवरून पाय टाकून बाहेर पडले. मागून त्यांनी दोनदा हाक मारली, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. खिडकी उघडी होती म्हणून तिसऱ्यांदा मारली नाही.

रस्त्यावर आल्यावर मात्र मी थांबले. राग असला की माणूस सरळ चालत जातो असं मला वाटायचं. मी चर्चच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले आणि अँब्रोजच्या पद्धतीनं, एकेक करून, सगळं मांडलं. मी खरं सांगितलं तर ते आजच्या आज उमेदवारीतून गेले. घरात आयुष्यभराचा अबोला. त्यांनी मला घराबाहेर काढलं तर अंगावरच्या कपड्यांसकट मी कुणाची, हे कायदा सांगेल. एका पारड्यात हे आणि हजारो बायकांचे होऊ घातलेले कायदे. दुसऱ्या पारड्यात एका तेलवालीची, एका परटिणीची निराशा. तीही त्या विसरतीलच, त्यांना सवय असते. असं मनात आलं आणि मी कठडा घट्ट धरला. 'त्यांना सवय असते' हे वाक्य माझं होतं. अँब्रोजनी ते उच्चारलं नव्हतं. मी या बायकांचं दुःख त्यांना न विचारता मोजत होते, आणि ते नेमकं कमी भरत होतं, जसं वीस वर्षं माझं भरलं. हिशेबात चूक नव्हतीच कधी. चूक ही होती की काट्यापाशी एकच माणूस उभा होता आणि वजनं तोच टाकत होता. जिचं दुःख तोलायचं तिला हाक मारून विचारायचं, किती आहे तुझं, हे त्याला सुचत नव्हतं, आणि आता मलाही सुचलं नव्हतं. असा माणूस आत जाऊन हजारो बायकांचं भलं करणार! त्यांच्या नकळत, त्यांच्या वतीनं, खण बंद करून. मला तिथंच, चर्चच्या दाराशी, तोंडात वाईट शिवी आली आणि मी ती पुरती उच्चारली. बाजूनं जाणारे एक गृहस्थ चमकून वळले. मी त्यांच्याकडं बघत राहिले, शेवटी त्यांनीच नजर काढून घेतली.

ग्रिंटरबाई फळीमागं वातींची जुडी बांधत होत्या. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी लिफाफा फळीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. म्हणजे सांगितलं असं मला वाटलं. अँब्रोज असे, त्यांच्या कमिटीतले लोक तसे, त्यांचा उद्देश काय, त्यांनी मला कसं फसवलं, मी किती चिडले आहे. बोलता बोलता माझा आवाज चढला, डोळे भरून आले. बाई वाती बांधत ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी लाख नखानं फोडली, कागद उलगडला, आपली सही शोधली आणि तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"त्यांच्याकडं गेला कसा हा?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कागद हो. सह्या घ्यायला तुम्ही आलात. उंबरे झिजवलेत, खोटं कशाला बोलू. मग त्यांच्या खणात गेला कसा?"

"ते त्या दिवशी गावात चालले होते. पोस्टावरूनच जाणार होते, म्हणून…"

"त्यांनी मागितला?"

मी आठवून पाहिलं. दिवाणखाना, त्यांची हॅट, छत्री, मी लिफाफा घेऊन मागून धावत गेलेली. त्यांनी मागितला नव्हता. मीच म्हटलं होतं, एवढं टाका ना जाता जाता. पोस्टाची पेटी आमच्या दारापासून मासळीवाल्याइतकीही लांब नाही. पण घरातलं टपाल तेच टाकतात, वीस वर्षं तेच टाकतात, आणि पार्लमेंटला पाठवायचा कागद एखाद्या बाईनं स्वतःच्या हातानं पेटीत टाकावा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बायकांना पुरुषांइतकी अक्कल असते असं म्हणणारा कागद मी पुरुषाच्या हातात दिला होता, नीट जाईल म्हणून.

"मागितला नाही," मी म्हटलं. माझा मघाचा सगळा संताप कुठं गेला कळेना. म्हणजे गेला नव्हता, फक्त त्यानं तोंड माझ्याकडं वळवलं होतं.

ग्रिंटरबाईंनी कागद घडी करून एप्रनच्या खिशात घातला, माझ्याकडं परत दिला नाही. मग एप्रनवरच शाल ओढली, भिंतीवरून किल्ली घेतली. "चला."

"कुठं?"

"दहा जणी उरल्यात. आजच्या आज सांगून टाकायचं सगळ्यांना. त्यांनी पुन्हा सही द्यायची की नाही हे त्यांचं त्या बघतील."

"मी सांगते ना. तुम्ही दुकान कशाला बंद करता? दिवसाढवळ्या…"

"तुम्ही गोड करून सांगाल," त्या म्हणाल्या. रागानं नाही, तेलाचा भाव सांगावा तसं. "मलासुद्धा तुम्ही आधी छापखान्याचं सांगितलंत. मी शेजारी उभी राहणार."

त्यांनी दुकानाला कुलूप लावलं. समोरचा पाववाला दारात येऊन बघायला लागला. आम्ही दोघी रस्ता ओलांडून शाळेमागच्या गल्लीत शिरलो. मी भराभर चालत होते, मनात वाक्यं जुळवत होते, आणि प्रत्येक वाक्य अँब्रोजच्या नावानं सुरू होत होतं. मिस ऑलचिननी दार उघडलं. बोटांना खडू लागलेला होता. आम्हाला दोघींना एकत्र बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला, त्यांनी आधी मागं गल्लीत पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

"मिस ऑलचिन, तुमची सही पार्लमेंटला पोचलीच नाही," मी म्हटलं. "माझ्या नवऱ्यानं…"

ग्रिंटरबाईंचं कोपर माझ्या बरगडीत बसलं, चांगलं जोरात. "आधी तुमचं," त्या म्हणाल्या.

मी श्वास घेतला. मिस ऑलचिन वाट बघत होत्या.

"कागद मी त्यांच्या हातात दिला," मी म्हटलं. "त्यांनी मागितला नव्हता."